पोटाच्या फायलीत पाठीची नोंद

पाठ दुखते म्हटलं की घरातला पहिला प्रश्न असतो, 'काय उचललंस?' मग 'गादी बदलून बघ', 'जरा पडून राहा' असे सल्ले सुरू होतात. ज्याला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, त्याला मात्र आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा: पाठ केव्हा दुखते? दिवसभर उभं राहून किंवा ओझं वाहून संध्याकाळी दुखते आणि आडवं झालं की उतरते का? की पहाटे तीन-चारला झोपेतून उठवते, सकाळी अर्धा-पाऊण तास वाकू देत नाही आणि हिंडायला-फिरायला लागलं की हळूहळू सुटते? पहिली पाठदुखी स्नायूंची, मणक्यांच्या झिजेची, बसण्या-उठण्याची. दुसरी दाहाची. ती बहुधा चाळिशीच्या आत, नेमका दिवस सांगता येणार नाही अशी सुरू होते. दुखणं कंबरेच्या खाली, कुल्ल्यात खोलवर जाणवतं, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. विश्रांतीने ते वाढतं. 'पडून राहा' हा सल्ला या पाठीला बाधतो, आणि आपल्याकडे सर्वांत आधी तोच मिळतो.

आयबीडी या तीन अक्षरांखाली येणारे हे दोन मुख्य आजार म्हणजे आतड्याचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्याच्या अस्तरावर उलटते. जुलाब, रक्त, पोटातली कळ, वजन उतरणं ही त्याची माहीत असलेली लक्षणं. पण हा दाह आतड्यापुरता राहत नाही. सांधे, डोळे, त्वचा, यकृताच्या पित्तनलिका अशा ठिकाणीही तो उमटतो आणि त्यात सांध्यांचा नंबर वरचा आहे. आयबीडी असलेल्या शंभरांतल्या साधारण तीन ते दहा जणांना मणक्याचा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस होतो. कंबरेचं त्रिकोणी हाड आणि ओटीपोटाची हाडं जिथे जोडली जातात, त्या सॅक्रोइलियाक सांध्यात स्कॅनवर बदल दिसणाऱ्यांची संख्या तर याहून बरीच मोठी आहे. त्यांतल्या कित्येकांना अजून काही दुखतही नसतं.

हे नातं दुसऱ्या टोकाकडूनही उलगडलं. १९८०च्या दशकात बेल्जियममधल्या गेन्टमध्ये हर्मन मिलान्ट्स आणि एरिक व्हेज या संधिवाततज्ज्ञांनी मणक्याच्या अशा संधिवाताच्या रुग्णांची आतडी दुर्बिणीतून तपासली. पोटाची तक्रार नसलेल्या माणसांच्या आतड्यातही सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसला, आणि तोही निम्म्याच्या आसपास रुग्णांमध्ये. पुढे त्यांतल्या थोड्यांना उघड क्रोन्स झाला. आतड्याच्या भिंतीशी चेतवलेल्या पेशी आणि त्यांचे रासायनिक निरोप रक्तातून सांध्यांपर्यंत पोचतात, असं मानायला आज भक्कम आधार आहे. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-२३ ही त्या निरोपांतली दोन महत्त्वाची नावं. पुढे औषधांचा विचार करताना त्यांतलं टीएनएफ पुन्हा लागेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावाचून माणसं वर्षं घालवतात. गुडघा किंवा घोटा अशा चार-दोन मोठ्या सांध्यांची सूज बहुतेक वेळा आतड्याच्या चढउताराबरोबर चालते. पोट बिघडलं की गुडघा सुजतो, पोट शांत झालं की तोही शांत होतो. पाठीचं तसं नाही. कोलोनोस्कोपीचा अहवाल स्वच्छ, शौच दिवसातून एकदा, वजन भरून आलेलं, आणि तरीही पहाटेची पाठ तशीच, असं होऊ शकतं. अशा वेळी 'तुमचा आजार आता आटोक्यात आहे' हे डॉक्टरांचं वाक्य पोटापुरतं खरं असतं. रुग्णाला मात्र वाटतं की आपण उगीच कुरकुरतोय आणि तो पाठीविषयी बोलणंच सोडतो. कधीकधी तर पाठ आधी येते आणि पोट पाच-सात वर्षांनी. मग त्या जुन्या पाठदुखीचा या नव्या आजाराशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

मणक्याच्या या दाहाचं निदान व्हायला जगभरात सरासरी सहा-सात वर्षं लागतात, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आपल्याकडे त्यात एका पक्क्या समजुतीची भर पडते. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं भुलीचं इंजेक्शन हे बाईच्या आयुष्यभराच्या पाठदुखीचं कारण ठरवलं जातं. सासू, शेजारीण, कधी दवाखान्यातली माणसंसुद्धा तेच सांगतात. त्या इंजेक्शनने सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं, वर्षानुवर्षांची पाठदुखी त्याने होते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेली तिशीतली बाई 'बाळंतपणापासून कंबर धरते' म्हणत असेल, तर तिला सकाळच्या आखडण्याबद्दल विचारणारं कोणीतरी भेटायला हवं.

तपासण्यांमध्येही दोन फसव्या जागा आहेत. एक साधा एक्स-रे. सांध्यात दाह सुरू झाल्यापासून एक्स-रेवर हाडाची झीज दिसेपर्यंत काही वर्षं जाऊ शकतात. सुरुवातीचा दाह एमआरआयमध्ये दिसतो, तोही सॅक्रोइलियाक सांध्यांचा वेगळा एमआरआय मागितला तर. नुसत्या कंबरेच्या मणक्यांच्या एमआरआयमध्ये हा सांधा निसटतो आणि 'एल-फोर, एल-फाइव्हला थोडी चकती सरकली आहे' असा अहवाल हाती पडतो. तो तर चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांचाही येतो. दुसरी फसवी जागा एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी. लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी १९७३ साली या जनुकाचा मणक्याच्या आजाराशी असलेला संबंध दाखवला आणि तेव्हापासून ती तपासणी रूढ झाली. मात्र आयबीडीबरोबर येणाऱ्या पाठीच्या दाहात ती निगेटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. 'बी-२७ नाही, म्हणजे संधिवात नाही' हा निष्कर्ष इथे चुकतो. उलट ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही.

भारतात या सगळ्यावर क्षयरोगाची सावली आहे, आणि तिच्याविषयी सविस्तर बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपनहायमर यांनी १९३२ मध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाच्या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा क्षयापासून तो वेगळा काढणं हेच मुख्य काम होतं. कारण आतड्याच्या क्षयालाही तीच जागा आवडते, लहान आतडं मोठ्याला मिळतं ती. जखमा सारख्या, ताप सारखा, वजन उतरणं सारखं, बायोप्सीतल्या पेशींच्या गाठीही पुष्कळदा सारख्या. म्हणून आपल्याकडे निदान धूसर असेल तर आधी क्षयाची औषधं सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहिलं जातं. रुग्णाला हा वेळकाढूपणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे.

हाच गोंधळ पाठीतही होतो. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णिलेला मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही दुर्मीळ नाही. तो मणका आणि मधली चकती पोखरतो. त्याचा पू कधी पाठीच्या कण्याला लागून मांडीपर्यंत उतरणाऱ्या सोआस नावाच्या जाड स्नायूत साठतो. आता योगायोग असा की क्रोन्समध्ये आतड्याला पडलेलं भगदाड याच स्नायूला भिडू शकतं, आणि तिथेही गळू होतं. कंबर किंवा जांघ दुखते, ताप येतो, माणूस मांडी पोटाकडे ओढून झोपतो, पाय सरळ करू गेलं की कळवळतो. ही पाठदुखी 'आयबीडीची नेहमीची' म्हणून सोडायची नाही. तिला त्याच आठवड्यात स्कॅन लागतो. आणि पाठीच्या दाहासाठी टीएनएफ रोखणारं औषध सुरू करायचं असेल, तर आधी शरीरात क्षयाचे जंतू दडून बसलेले नाहीत ना, हे छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा तपासणीने पाहावंच लागतं. दबलेल्या क्षयाला कोंडून ठेवण्याचं काम टीएनएफच करत असतो. तो काढून घेतला की कोंडलेले जंतू मोकाट सुटतात. दबलेला क्षय सापडलाच तर त्याची औषधं निदान महिनाभर आधी सुरू करून मगच पुढचं पाऊल टाकतात.

पाठदुखीची आणखी कारणं या आजाराच्या अवतीभवती असतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स महिनोन्महिने घेतली, दूध बंद केलं, ऊन अंगावर घेतलं नाही, की हाडं ठिसूळ होतात. मग एखाद्या दिवशी पाण्याची कळशी उचलताना पाठीत कळ जाते ती मणका दबल्याची असते. लहान आतड्याचा दाह किंवा त्याचा भाग काढलेला असेल तर ऑक्झलेटचे मूतखडे होण्याची शक्यता वाढते. त्यांची कळ एका कुशीतून जांघेकडे जाते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. आजारात पाठीचे नि पोटाचे स्नायू गळून गेले म्हणूनही पाठ दुखते. आयबीडी असलेल्या माणसाची प्रत्येक पाठदुखी दाहाचीच असते असं मुळीच नाही. कोणती आहे हे वेळ, ताप, हालचाल यांवरून ओळखायचं असतं.

आता गोळ्यांकडे येऊ. पाठ दुखली की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि चिठ्ठीशिवाय गोळी मिळते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही मणक्याच्या संधिवातावरची पहिल्या पायरीची, चांगली उपयोगी औषधं आहेत. नुसत्या त्या आजारात डॉक्टर ती निःशंक देतात. आयबीडी असेल तर मात्र तीच औषधं आतड्याचं अस्तर दुखावतात आणि काही जणांचा शांत झालेला आजार पुन्हा उफाळतो. सर्वांना होतं असं नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. आणखी एक धोका नावात दडलेला असतो. पॅरासिटामॉल म्हणून घेतलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत असिक्लोफिनॅकही लिहिलेलं असतं. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास विकल्या जातात. पट्टीची मागची बाजू वाचण्याची सवय या आजारात फार उपयोगाची ठरते.

मग घ्यायचं काय? साधं पॅरासिटामॉल सांगितलेल्या मात्रेत आतड्याला सुरक्षित आहे, दाहाच्या दुखण्यावर त्याचा जोर कमी पडतो एवढंच. पोट शांत असताना सेलेकॉक्सिबसारखं औषध थोड्या दिवसांसाठी डॉक्टर कधी देतात, पण तो निर्णय पोटाच्या डॉक्टरांना विचारून व्हायला हवा. ट्रॅमाडॉल आणि त्याच्या जातीच्या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात. कोलायटिस जोरात असताना किंवा आतडं अरुंद झालेलं असताना त्या धोक्याच्या. शेक मात्र निर्धास्त घ्यावा. सकाळची गरम पाण्याची आंघोळ ही आखडलेल्या पाठीची खरी दवा आहे. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहावं. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

दाह मुळातून आवरणाऱ्या औषधांच्या कहाणीत स्वीडनच्या नाना श्वार्ट्स यांचं नाव आदराने घ्यायला हवं. त्या देशातल्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या पहिल्या महिला. संधिवात जंतूंमुळे होतो अशा त्या काळच्या समजातून १९३०च्या दशकाअखेरीस त्यांनी सल्फासॅलाझीन तयार करवून घेतलं. सांध्यांसाठी केलेलं ते औषध अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांचं पोट शांत करतं, हे त्यांच्याच लक्षात आलं. आजही ते दोन्हीकडे वापरलं जातं. गुडघ्या-घोट्याच्या सुजेवर त्याचा उपयोग होतो, पाठीच्या कण्यावर जवळजवळ नाही. पोटासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही पाठ सहसा सुटत नाही.

त्यापुढची जैविक औषधं निवडताना पोट आणि पाठ एकत्र पाहिली नाहीत तर चूक महागात पडते. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब दोन्ही ठिकाणी काम करतात. अडालिमुमॅबची जगातली पहिली प्रतिरूप आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली आणि इथल्या रुग्णांना तो उपचार थोडा तरी आवाक्यात आला. एटॅनरसेप्टही टीएनएफच रोखतं आणि पाठीला गुण देतं, पण क्रोन्समध्ये त्याचा उपयोग होत नाही. सेक्युकिनुमॅब मणक्याच्या दाहावरचं उत्तम औषध. क्रोन्सवर त्याची चाचणी घेतली तर कित्येकांचं पोट आणखी बिघडलं, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट वेडोलिझुमॅब आतड्यापुरतं काम करावं असंच घडवलेलं आहे, त्यामुळे पोटासाठी सौम्य आणि पाठीसाठी निरुपयोगी. उस्टेकिनुमॅबने क्रोन्स आटोक्यात येतो, पाठीच्या दाहावरच्या त्याच्या चाचण्या फसल्या. टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांना दोन्ही आजारांत जागा आहे. टोफासिटिनिबला पोटात अल्सरेटिव्ह कोलायटिसपुरती. म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी पाठीपुरतं पाहून दिलेलं चांगलं औषध पोटाला घातक ठरू शकतं आणि पोटाच्या डॉक्टरांनी निवडलेलं उत्तम औषध पाठीला तसंच सोडू शकतं. पोटविकारतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलणं यात अनिवार्य आहे. आपल्या व्यवस्थेत ते बोलणं आपसूक होत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. त्याचा भार रुग्णावर पडतो. म्हणून एका कागदावर चालू औषधं, सकाळी पाठ किती मिनिटं आखडते, रात्री किती वेळा जाग येते आणि ती पाठीमुळे की शौचामुळे, हे लिहून दोघांनाही तोच कागद दाखवावा. त्या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून औषध बदलतं.

औषधाइतकाच भार व्यायामाचा आहे आणि तो कोणी दुसरा उचलू शकत नाही. उठण्याआधी अंथरुणातच गुडघे दुमडून दोन्ही कुशींकडे हलके वळवणं, कंबर गादीला दाबून सोडणं, मग मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन. रोज पंधरा-वीस मिनिटं. दिवसातून थोडा वेळ पालथं पडून राहिल्याने कंबर आणि जांघा पुढे वाकून आखडत नाहीत. छाती भरून श्वास घेणंही यातच आलं, कारण बरगड्यांचे सांधेही आखडतात. पोहता येत असेल तर सोन्याहून पिवळं. महिन्यातून एकदा टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं राहावं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का पाहावं. ती दूर जाऊ लागली तर संधिवाततज्ज्ञांना सांगावं. पोट उफाळलेलं असेल, अंगात रक्त कमी असेल, तेव्हा हे सगळं अर्ध्यावर आणावं, पण सोडू नये. हाडं ठिसूळ झाल्याचं डेक्सा तपासणीत दिसलं असेल तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसनं टाळावीत, त्यांनी मणका दबू शकतो.

आणि पाठ कोणाकडूनही तुडवून, झटका देऊन 'बसवून' घेऊ नये. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत अजून गावोगाव आहे. हाडवैद्याकडे मान-कंबर कडकडा मोडून घेणारेही पुष्कळ. ठिसूळ किंवा आतून जोडल्या गेलेल्या मणक्याला एवढासा झटकाही मोडायला पुरतो. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

खाण्यापिण्यात पाठीसाठी वेगळं पथ्य नाही, हाडांसाठी आहे. दूध सोसत नसेल तर दही-ताक चालतं का पाहावं. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; आतडं अरुंद झालं असेल तर कोंड्याची भाकरी न खाता नाचणीचं सत्त्व घ्यावं. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. सिगारेट क्रोन्सलाही वाईट आणि मणक्यालाही.

काही जणांच्या बाबतीत असंही होतं की एमआरआयमध्ये दाह उरलेला नाही, रक्तातला सीआरपी खाली आलेला आहे, आणि पाठ तरीही दुखते. वर्षानुवर्षं दुखण्याचे निरोप वाहून मज्जासंस्था हळवी झालेली असते, झोप मोडलेली असते, साधा ताणही तिला दुखणं म्हणून कळतो. हे दुखणं खरं असतं. 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी ते झटकणं क्रूरपणाचं आहे. अशा वेळी दाहावरचं औषध वाढवत नेणंही योग्य नाही. नसांचा हळवेपणा कमी करणारी कमी मात्रेतली औषधं, झोपेची घडी बसवणं, हळूहळू वाढवलेली हालचाल, समुपदेशन यांचा तिथे उपयोग होतो.

दोन खुणांना थांबायचं नाही. एक डोळा लाल होऊन आतून दुखू लागला, उजेड सहन होईना, तर ते 'डोळे आले' समजून घरी थेंब घालू नयेत. पाठीच्या नि आतड्याच्या या दाहाबरोबर डोळ्याच्या आतही दाह होतो आणि उशीर झाला तर नजरेवर बेततं. दुसरी खूण आयबीडीच्या माणसाला विशेष फसवते. शौचावरचा ताबा सुटणं त्याला नवीन नसतं, तो आजार उफाळला असं समजून घरी बसतो. पण त्याबरोबर जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरता असेल, लघवी अडली असेल, पायांतला जोर गेला असेल, तर मणक्यातल्या नसांवर दाब आलेला असतो. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, एमआरआय आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि दारातच दोन्ही आजारांची नावं सांगायची.